मुलांसाठीची फँटसी कादंबरी एजंटकडे पाठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे इंग्रजीत लिहिणाऱ्या किंवा आपली मराठी कादंबरी इंग्रजीत नेऊ पाहणाऱ्या लेखकांसाठी आहेत. भर ब्रिटन आणि अमेरिकेतल्या एजंटांवर आहे, कारण तिथले बहुतेक मोठे प्रकाशक एजंटाशिवाय आलेले हस्तलिखित वाचायला घेत नाहीत. भारतातल्या आणि मराठीतल्या वाटांबद्दलचे प्रश्न शेवटच्या भागात आहेत.

एजंट नेमके काय करतो?

हस्तलिखितावर तुमच्यासोबत संपादकीय काम करतो, ते योग्य संपादकांकडे नेतो, करारातली कलमे घासाघीस करून ठरवतो आणि परदेशी, ऑडिओ, चित्रपट वगैरे हक्क स्वतंत्रपणे विकतो. मोबदला म्हणून मिळालेल्या रकमेतून कमिशन घेतो: देशांतर्गत विक्रीवर साधारण १५ टक्के, परदेशी हक्कांवर बहुधा २० टक्के. पुस्तक विकले गेले नाही, तर त्याला काहीच मिळत नाही. म्हणून तो मोजकीच पुस्तके घेतो आणि आवडलेल्या हस्तलिखितालाही ‘मला हे विकता येईल असे वाटत नाही’ म्हणून नकार देतो.

कादंबरी अर्धी झाली आहे. आत्ताच विचारून ठेवू का?

नको. पहिलीच कादंबरी असेल तर ती पूर्ण, दोन-तीनदा पुनर्लेखन केलेली आणि घराबाहेरच्या वाचकांनी वाचलेली हवी. एजंटने पूर्ण हस्तलिखित मागवले, तर ते एक-दोन दिवसांत पाठवता आले पाहिजे. ‘अजून चार महिने लागतील’ असे कळवले की ती संधी बहुतेक वेळा गेलीच.

माझे पुस्तक कोणत्या वयोगटात बसते?

हे पत्रात स्पष्ट लिहावेच लागते. ‘८ ते ८० वयाच्या सर्वांसाठी’ असे लिहिणे म्हणजे पुस्तक दुकानातल्या कोणत्या फळीवर ठेवायचे हे आपल्याला माहीत नाही, असे सांगणे.

६ ते ९ वयाच्या नव्या वाचकांची पुस्तके छोटी असतात, साधारण ५,००० ते १५,००० शब्दांची. ८ ते १२ वयाच्या गटाला मिडल ग्रेड म्हणतात. यातली फँटसी ४५,००० ते ७५,००० शब्दांत बसावी. १२च्या पुढचा गट यंग अडल्ट. तिथे फँटसी ७०,००० ते १,००,००० शब्दांपर्यंत जाते. मिडल ग्रेडमध्ये १,२०,००० शब्दांचे हस्तलिखित आले, तर कित्येक एजंट तो आकडा पाहूनच थांबतात. पुस्तक जाड झाले की छपाईचा खर्च वाढतो. शिवाय एवढा आकडा दिसला की कापाकापी झालेली नाही, असाच समज होतो.

मुले आपल्याहून थोड्या मोठ्या मुलांबद्दल वाचतात, म्हणून मिडल ग्रेडचा नायक बहुधा ११ किंवा १२ वर्षांचा असतो. १४ वर्षांचा नायक दोन्ही गटांच्या मधे अडकतो. वय दोन वर्षांनी कमी करता येत असेल, तर पाठवण्याआधीच करा. मात्र नुसता आकडा बदलून भागत नाही. त्या वयाच्या मुलाला काय करू दिले जाते, तो कशाला भितो, घरात त्याचे कोण ऐकते, हे सगळे सोबत बदलावे लागते.

एजंटला नेमके काय काय पाठवायचे?

अमेरिकेत साधारण एक क्वेरी, म्हणजे २५० ते ३५० शब्दांचे पत्र, आणि सोबत सुरुवातीची ५ ते १० पाने. काही जण सिनॉप्सिसही, म्हणजे संपूर्ण कथानकाचा सारांशही मागतात. ब्रिटनमध्ये पत्र, एक पानाचा सिनॉप्सिस आणि पहिली तीन प्रकरणे किंवा पहिले १०,००० शब्द असा संच मागण्याची पद्धत आहे. पण ही झाली सर्वसाधारण रीत. प्रत्येक एजन्सीच्या संकेतस्थळावर स्वतःच्या सूचना असतात आणि त्याच अखेरच्या. कोणी अटॅचमेंट उघडतच नाही, मजकूर ईमेलमध्येच चिकटवायला सांगतो. कोणी क्वेरीमॅनेजरसारख्या ऑनलाइन फॉर्मवरच घेतो.

हस्तलिखिताची मांडणी साधी ठेवा: टाइम्स न्यू रोमन, १२ पॉइंट, दुहेरी ओळ-अंतर, चारही बाजूंना एक इंचाचा समास, पृष्ठक्रमांक, आणि शीर्षपट्टीत आडनाव व कादंबरीचे नाव. नकाशा, मुखपृष्ठाची कल्पना, पात्रांची चित्रे, परिशिष्टातली वंशावळ, यातले काहीही जोडू नका. चित्रकार कोण, हे प्रकाशक ठरवतो. तुम्ही स्वतः व्यावसायिक चित्रकार असाल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पोर्टफोलिओची लिंक द्या.

पत्रात कादंबरीची ओळख कशी करून द्यायची?

सगळ्यात जास्त हस्तलिखिते इथेच अडकतात आणि फँटसीची तर हमखास. लेखकाने पाच वर्षे ते जग रचलेले असते. नद्यांची नावे, राजघराणी, जादूचे सात प्रकार डोक्यात पक्के असतात. पत्रात तो जगाची ओळख करून देतो. एजंट मात्र एक मूल शोधत असतो: त्याला काय हवे आहे, ते का मिळत नाही, आणि मिळवायचे तर काय गमवावे लागेल. ते मूल उभे राहिले की जग त्याच्यामागून आपोआप दिसू लागते.

एक काल्पनिक कादंबरी घेऊ. प्रत्यक्षात हे पत्र इंग्रजीत जाईल. इथे समजण्यासाठी मराठीत. आधी नेहमी दिसणारा नमुना:

‘हजारो वर्षांपूर्वी जलवंशाच्या सम्राट अंबुधराने सप्तमणी निर्माण केले आणि ते सात रक्षकांच्या हाती सोपवले. पण तमोराज कालकेतूने निद्रापुरीवर आक्रमण केले आणि मणी विखुरले. आता एका सामान्य मुलीला आपले असामान्य सामर्थ्य ओळखावे लागणार आहे. सत्य आणि असत्याच्या या महायुद्धात विजय कोणाचा होईल?’

पाच विशेषनामे आली, पण मुलीला नावच नाही. ती काय करते, तिला काय हवे आहे, हे कुठेच नाही. ‘सामान्य मुलगी’, ‘असामान्य सामर्थ्य’, ‘महायुद्ध’ हे शब्द शेकडो कादंबऱ्यांना लागू पडतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांच्या पुस्तकात सगळ्यांना ठाऊकच असते.

आता तीच कल्पना मुलीच्या बाजूने:

‘अकरा वर्षांच्या सुमीचे गाव तिच्या जन्माआधीच धरणाखाली गेले. दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की देवळाचा कळस वर येतो आणि आजी काठावर बसून खाली राहिलेल्यांशी बोलते. यंदा खालून उत्तर येते. पाण्याखाली गाव नांदते आहे आणि तिथे सुमीचा भाऊ आहे, जो गेल्या पावसाळ्यात होडीतून परतला नव्हता. त्याला वर आणता येईल. पण एक जण वर आला की दुसऱ्याने खाली जायचे, असा त्या पाण्याचा नियम आहे, आणि आजीने स्वतःची पिशवी भरून ठेवली आहे. पहिल्या पावसात कळस बुडेल. तोवर सुमीला ठरवायचे आहे की आजीला जाऊ द्यायचे, भावाला सोडायचे, की पाण्याचा नियमच मोडायचा.’

नाव एकच आहे. जादूचा नियम एकच आहे आणि त्याला किंमत आहे. मुदत आहे. निवड मोठ्यांनी नव्हे, सुमीने करायची आहे. शेवट सांगितलेला नाही. पत्रातली ही ओळख कादंबरीच्या पहिल्या एक-तृतीयांशापर्यंत, फार तर निम्म्यापर्यंत जाऊन थांबते. पत्रात हा भाग १५० ते २०० शब्दांचा असावा, म्हणजे वरच्या नमुन्यात अजून थोडी भर घालायला जागा आहे: सुमीचा स्वभाव, तिच्या वाटेत उभा राहणारा कोणी.

पत्रात बाकी काय असते?

एजंटचे नाव, बरोबर स्पेलिंगमध्ये. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ लिहिलेले पत्र सगळ्यांना पाठवलेले परिपत्रक वाटते. याच एजंटला का पाठवत आहात ते एका वाक्यात, खरे कारण असेल तरच. मग कादंबरीचे नाव, वयोगट, प्रकार, शब्दसंख्या हजारात पूर्ण करून, आणि तुलनेची पुस्तके, म्हणजे तुमच्या कादंबरीशी साम्य असलेली अलीकडची पुस्तके. मग वरची ओळख. शेवटी स्वतःबद्दल दोन-तीन वाक्ये.

या शेवटच्या भागात आपल्याकडचे लेखक पदव्या, नोकरीतली बढती, शाळेतली बक्षिसे यांची यादी देतात. ती लागत नाही. कादंबरीशी संबंध असलेले सांगा: धरणग्रस्त गावाशी नाते, मुलांच्या मासिकांत आलेल्या कथा, शिक्षक म्हणून त्या वयाच्या मुलांसोबतचे काम. सांगण्यासारखे काही नसेल, तर एक वाक्य पुरे. पहिले पुस्तक असणे हा दोष नाही आणि त्याची माफीही मागायची नसते. ‘माझ्या मुलांना फार आवडली’ हे मात्र वगळा. ती तुमची मुले आहेत, हे एजंटला ठाऊक आहे.

तुलनेची पुस्तके कशी निवडायची?

दोन पुरतात. त्याच वयोगटातली, शक्यतो गेल्या तीन वर्षांतली, फार तर पाच. सगळ्या जगाला माहीत असलेली मालिका घेऊ नका. तिच्याशी तुलना करून आजच्या बाजाराबद्दल काहीच कळत नाही. लहानपणी वाचलेली अभिजात पुस्तकेही नकोत. एक पुस्तक वातावरणासाठी आणि एक सुरासाठी निवडले, तर काम सोपे होते: ‘अमुकमधला नदीकाठ आणि तमुकमधले भावंडांचे नाते आवडणाऱ्या वाचकांसाठी’.

अडचण अशी की महाराष्ट्रातल्या बहुतेक ग्रंथालयांत परदेशातली नवी मिडल ग्रेड पुस्तके पोहोचत नाहीत. ई-पुस्तकांची सुरुवातीची पाने मोफत वाचता येतात; वीसेक पुस्तकांची तेवढी पाने वाचा, त्यातून चार-पाच विकत घेऊन पूर्ण वाचा. न वाचलेल्या पुस्तकाचे नाव देऊ नका. फोनवर बोलणे झाले की पहिल्या दोन मिनिटांत ते उघडे पडते.

कादंबरी सात भागांची मालिका आहे. तसे लिहू का?

पहिला भाग स्वतःच्या पायावर उभा आहे आणि पुढे मालिका होऊ शकते, एवढेच लिहा. पहिला भाग अर्ध्यावर तुटत असेल, तर तो आधी दुरुस्त करावा लागेल, कारण प्रकाशक सहसा नव्या लेखकाचे एक किंवा दोनच भाग घेतो. दुसरा भाग लिहायला बसू नका. पहिला विकला गेला नाही, तर दुसरा वाया जातो. विकला गेला, तरी संपादनात इतके बदलते की पुन्हा लिहावा लागतो. तो वेळ वेगळ्या कादंबरीला द्या.

सिनॉप्सिसमध्ये शेवट सांगायचा का?

हो, पूर्ण. सुमारे ५०० शब्द, वर्तमानकाळ, तृतीय पुरुष, चार-पाचांहून जास्त नावे नकोत. उत्कंठा वाढवण्याचे काम पत्राचे. कथानक शेवटपर्यंत टिकते, हे दाखवण्याचे काम सिनॉप्सिसचे. लिहिताना एक गोष्ट तपासा: शेवटचा पेच कोण सोडवतो? गुरू, आजोबा, देवता किंवा अचानक सापडलेली तलवार सोडवत असेल, तर मुलांच्या कादंबरीत ती मोठी उणीव आहे आणि सिनॉप्सिसमध्ये ती लगेच दिसते.

पहिल्या पानांत काय चुकते?

पहिल्या दहा पानांत बहुतेक वेळा कादंबरी सुरूच झालेली नसते. विश्वाच्या उत्पत्तीची प्रस्तावना, मग स्वप्न, मग जाग, मग आरशात पाहून स्वतःचे वर्णन, मग शाळेचा साधा दिवस, आणि जादू चौथ्या प्रकरणात. मिडल ग्रेडमधले प्रकरण साधारण १,५०० ते २,५०० शब्दांचे असते. अमेरिकन एजंटला मिळालेल्या दहा पानांत फार तर दीड प्रकरण बसते. त्याला चौथे प्रकरण दिसणारच नाही.

पहिल्याच पानावर राक्षस आला पाहिजे, असे मात्र नाही. काहीतरी जागचे हललेले दिसले पाहिजे. आजी काठावर बोलते आहे आणि आज ती मधेच थांबून ऐकते आहे, एवढ्यानेही भागते.

दुसरी चूक आवाजाची. निवेदक मुलांना वरून समजावतो, गोड बोलतो, प्रत्येक प्रसंगातून धडा काढतो. दहा वर्षांच्या वाचकाला हे लगेच कळते. पाने मोठ्याने वाचून पाहा. जिथे तुमचा सूर वर्गात शिकवल्यासारखा होतो, तिथली वाक्ये काढा.

कथा महाराष्ट्रात घडते. परदेशी एजंटला कळेल का? मराठी शब्दांचे काय?

स्थळ ही अडचण नाही. नेमकेपणाने रंगवलेले गाव बहुतेकदा फायद्याचेच ठरते. भाकरी, ओटी, वेस हे शब्द जसेच्या तसे ठेवा आणि अर्थ प्रसंगातून कळू द्या. पत्राला शब्दार्थांची यादी जोडू नका. एका परिच्छेदात दोनच नवे शब्द येऊ द्या, मग ते जमते.

पुराणकथेवर आधारित कादंबरीत एक धोका आहे. मूळ कथा वाचकाला माहीत आहे असे गृहीत धरून लिहिले, तर पुण्यातल्या वाचकाला वाटणारा रोमांच ब्रिस्टलमधल्या वाचकापर्यंत जात नाही. पुराणातल्या पात्राचे नुसते नाव घेऊन भागत नाही. त्याचे मोठेपण कथेतच घडताना दिसायला हवे.

एजंट शोधायचे कुठे?

ब्रिटनसाठी दरवर्षी निघणारे ‘चिल्ड्रन्स रायटर्स अँड आर्टिस्ट्स इयरबुक’ उपयोगी आहे. अमेरिकेसाठी क्वेरीट्रॅकर, मॅन्युस्क्रिप्ट विश लिस्ट आणि शुल्क घेणारे पब्लिशर्स मार्केटप्लेस ही संकेतस्थळे. आवडलेल्या नव्या पुस्तकांची ऋणनिर्देशाची पाने वाचा. लेखक एजंटचे आभार बहुतेक वेळा तिथेच मानतो. बालसाहित्यिकांची आंतरराष्ट्रीय संस्था एससीबीडब्ल्यूआय हिची भारतातही शाखा आहे. तिथे लिहिणाऱ्यांची ओळख होते.

एजंट मुलांची पुस्तके घेतो का, त्यातही मिडल ग्रेड घेतो का आणि त्यातही फँटसी घेतो का, हे तिन्ही तपासा. फक्त प्रौढांची फँटसी घेणाऱ्याला पाठवले, तर नकार ठरलेलाच.

एका वेळी किती जणांना पाठवू?

एकाच वेळी अनेकांना पाठवणे रूढ आहे. सहा ते आठ जणांची तुकडी करा. मात्र एका एजन्सीत एका वेळी एकच एजंट. काही एजन्सींमध्ये एकाचा नकार म्हणजे सगळ्यांचाच नकार. तारीख, नाव, काय पाठवले, काय उत्तर आले, हे तक्त्यात लिहीत जा.

पहिल्या तुकडीनंतर थांबून पाहा. कोणीच पुढची पाने मागितली नाहीत, तर दोष पत्रात, शब्दसंख्येत किंवा पहिल्या पानांत आहे. पूर्ण हस्तलिखित मागवले जाते पण नंतर नकार येतो, असे तीन-चारदा झाले, तर पत्र चांगले आहे. कादंबरी मधे कुठेतरी सैल पडते. हा फरक ओळखल्याशिवाय दुसरी तुकडी पाठवू नका, कारण एकदा नकार दिलेला एजंट तेच हस्तलिखित सहसा पुन्हा पाहत नाही.

उत्तर किती दिवसांत येते?

पत्राला ६ ते १२ आठवडे, पूर्ण हस्तलिखिताला ३ ते ६ महिने, कधी जास्तही. अनेक एजन्सी नकार कळवतच नाहीत. ‘अमुक आठवड्यांत उत्तर न आल्यास नकार समजावा’ असे संकेतस्थळावर लिहिलेले असते. तशी सूचना नसेल, तर त्यांनी सांगितलेली मुदत उलटल्यावर एकदा, दोन ओळींत विचारा. फोन करू नका. वसंतातला बोलोन्याचा बालपुस्तक मेळा, ऑक्टोबरमधला फ्रँकफुर्टचा मेळा, ऑगस्ट आणि डिसेंबरचा उत्तरार्ध या काळात टपाल तुंबते.

वाचन-शुल्क मागितले तर?

देऊ नका. खरा एजंट वाचायचे पैसे घेत नाही आणि स्वतःचीच संपादन-सेवा विकत घेण्याची अट घालत नाही. तुम्ही काहीच न पाठवता ‘तुमच्या पुस्तकावर चित्रपट करायचा आहे’ असा ईमेल आला, तर तो फसवणुकीचा धरून चाला. हल्ली नावाजलेल्या एजंटांच्या नावानेही खोटे ईमेल येतात. पत्ता एजन्सीच्या संकेतस्थळावरच्या पत्त्याशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. रायटर बिवेअर या संकेतस्थळावर अशा प्रकारांची माहिती मिळते. एजंट ब्रिटनच्या असोसिएशन ऑफ ऑथर्स एजंट्सचा किंवा अमेरिकेच्या असोसिएशन ऑफ अमेरिकन लिटररी एजंट्सचा सदस्य असेल, तर तो आचारसंहितेला बांधील असतो. सदस्य नसलेलेही चांगले एजंट आहेत, तिथे त्यांनी विकलेली पुस्तके पाहा.

कल्पना चोरीला गेली तर?

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लिहिलेल्या मजकुरावरचा हक्क लिहिताक्षणी तुमचा असतो. नोंदणी सक्तीची नाही. पत्रात कॉपीराइटचे इशारे लिहू नका.

एआय वापरून लिहिले तर चालेल का?

अनेक एजन्सी आता फॉर्ममध्येच हे विचारतात आणि एआयने लिहिलेला मजकूर घेत नाहीत. खोटे उत्तर पुढे करारातल्या ‘हे लेखन माझेच आहे’ अशा हमीच्या कलमात अडकवते. पत्रसुद्धा स्वतः लिहा. एजंटला तुमचा आवाज पहिल्यांदा तिथेच ऐकू येतो.

माझी कादंबरी मराठीत छापून आली आहे. इंग्रजीसाठी एजंट मिळेल का?

आधी करार काढून वाचा: भाषांतराचे हक्क तुमच्याकडे आहेत की प्रकाशकाकडे? प्रकाशकाकडे असतील, तर त्यांच्या लेखी संमतीशिवाय पुढे जाता येत नाही. हक्क तुमचे असतील, तर चांगल्या अनुवादकाकडून पहिली दोन-तीन प्रकरणे, संपूर्ण कथानकाचा सिनॉप्सिस आणि मराठीत मिळालेल्या प्रतिसादाची थोडक्यात माहिती इंग्रजीत तयार करा. अनुवादकाला या नमुन्याचे पैसे द्या आणि पुढचे काम त्यालाच मिळावे याबद्दल काय ठरले, ते लिहून ठेवा. परदेशी बाजारात अनुवादित मिडल ग्रेड कमी घेतले जाते. म्हणून भारतातले इंग्रजी प्रकाशक ही पहिली पायरी असू शकते.

भारतातच एजंट शोधू का?

सियाही, रायटर्स साइड, रेड इंक अशा एजन्सी भारतात आहेत. पण इथल्या मुलांच्या पुस्तकांच्या बऱ्याच प्रकाशकांकडे लेखक थेट पाठवू शकतो. त्यांच्या संकेतस्थळावरच्या सूचना पाहा. मराठीत एजंटाची पद्धत रुजलेली नाही. ज्योत्स्ना प्रकाशनासारख्या संस्थांशी लेखक थेटच बोलतो.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. भारतीय प्रकाशकाशी करार करताना ‘जगभरातील हक्क’ सहज देऊन टाकू नका. भारतीय उपखंडापुरतेच देता येतात का, ते विचारा. उलट बाजूने, ब्रिटिश प्रकाशकाला बहुधा राष्ट्रकुलासोबत भारतातले हक्कही हवे असतात. पुस्तक इथे विकले गेले असेल, तर ते ब्रिटिश एजंटला पहिल्याच पत्रात सांगा.

एजंटने होकार दिला. आता काय विचारू?

लगेच हो म्हणू नका. ज्यांच्याकडे हस्तलिखित किंवा पत्र आहे, त्या सगळ्यांना प्रस्ताव आल्याचे कळवा आणि एक ते दोन आठवडे द्या. ही मुदत मागणे सर्वमान्य आहे. तेवढ्यात फोनवर विचारा: कादंबरीत काय बदल हवेत? कोणत्या संपादकांकडे पाठवणार? ही विकली गेली नाही, तर पुढच्या पुस्तकाचे काय? करार एका पुस्तकाचा की सगळ्या लेखनाचा? हिशेब आणि पैसे किती दिवसांत पाठवता?

बदलांबद्दलचे त्याचे उत्तर नीट ऐका. त्याला सुमीचा निर्णय हलका करून हवा असेल आणि तुमची सगळी कादंबरीच त्या निर्णयावर उभी असेल, तर तो एजंट या पुस्तकासाठी योग्य नाही, मग तो कितीही मोठा असो.

करारात बाहेर पडण्याचे कलम वाचा. ३० ते ६० दिवसांच्या नोटिशीने वेगळे होता यावे. मानधनाची आगाऊ रक्कम एकदम मिळत नाही. करारावर सही, अंतिम हस्तलिखित आणि प्रकाशन अशा टप्प्यांत येते आणि करारापासून पुस्तक बाजारात यायला दीड-दोन वर्षे जातात. अमेरिकेतून पैसे येणार असतील, तर डब्ल्यू-८बेन हा अमेरिकेतल्या करासाठीचा फॉर्म पॅन क्रमांकासह भरून द्या. तो न भरल्यास रॉयल्टीवर तिथे ३० टक्के कर कापला जातो. भरल्यास भारत-अमेरिका कर-करारानुसार हा कर १५ टक्के होतो आणि कापलेल्या कराचे श्रेय भारतातल्या विवरणपत्रात घेता येते. त्यासाठी कापलेल्या कराचे प्रमाणपत्र एजन्सीकडून दरवर्षी मागून ठेवा.